वराडे साहेबांकडे माझा वशिला

देशातल्या अणुभट्ट्या तपासलेला साहेब तीन वर्षं माझ्या शब्दावर चालत होता. म्हणजे मी म्हणायचो, "साहेब, गाडी गरम झाली," आणि साहेब आपली पेटी उचलून चालायला लागायचे.

थांबून राहणं त्यांना माहीतच नव्हतं. एकदा पारोळ्याच्या अलीकडे गाडीनं मान टाकली. मी बॉनेट उघडलं, पाणी घातलं, चार शिव्या घातल्या, गाडी सुरू केली आणि पुढं गेलो, तर साहेब पारोळ्याच्या स्टँडवर बसून माझी वाट बघत होते. वर म्हणाले, "सुकदेव, डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय. तुझी गाडी लावल्यापासून एक दिवस चुकला नाही."

माझी ओळख फार मोठी नाही. मेहरूणला राहतो, जळगाव स्टेशनवर भाड्याची गाडी लावतो. शाळा चौथीपर्यंत. चौथीत मी तीन वर्षं होतो, शेवटी गुरुजीच कंटाळून बदली घेऊन गेले. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं किरणं आणि मीटर असलं काहीबाही येणार आहे. त्यात चुकलं तर माझं चुकलं, साहेबांचं नाही.

साहेबांचं आडनाव वराडे. मूळ बोदवडचे. नोकरी मुंबईच्या अणुसुरक्षेच्या सरकारी ऑफिसात. देशात जिथं म्हणून किरणं निघतात, मग ती विजेची अणुभट्टी असो की तुमच्या मोडलेल्या हाताचा एक्स-रे, तिथं जाऊन तपासायचं आणि परवाना द्यायचा का नाही ते सांगायचं, हे त्या ऑफिसाचं काम. आमच्या खानदेशातली एक्स-रे मशीनं त्यांच्याकडं होती. महिन्या-दोन महिन्यांनी ते जळगावला उतरायचे, आणि स्टेशनबाहेर सगळ्यात जुनी गाडी माझी, म्हणून माझ्यात बसायचे. नवीन गाडीवाले फार गप्पा मारतात असं त्यांचं मत होतं. पहिल्या फेरीनंतर ते मत त्यांना बदलावं लागलं, पण गाडी बदलली नाही.

पहिल्या दिवशी त्यांच्या पेटीवर एक पिवळा स्टिकर बघितला. त्यावर तीन काळी पाती. मी विचारलं, "साहेब, पंख्याच्या कंपनीत का?"

"नाही. किरणोत्साराची खूण आहे ती."

मी मान हलवली. संध्याकाळी पानटपरीवर विचारलं, तर टपरीवाला म्हणाला, "सुक्या, ते बाँबचं असतं. जवळ गेला का केस गळतात." आता माझ्या डोक्यावर गळायला काही राहिलं नव्हतं, पण जीव होता. पुढच्या फेरीला मी शर्टाच्या आत जेवायचं स्टीलचं ताट बांधून गेलो. एरंडोल येईस्तोवर ताट तापलं, घामानं घसरलं आणि गिअर टाकताना ठण्णकन वाजलं.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "काय आहे ते?"

"ताट, साहेब."

"जेवणार आहेस?"

मग मी खरं सांगितलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, पेटी उघडली आणि मीटर माझ्या हातात दिलं. "यातून काही निघत नाही. हे फक्त ऐकतं. किरणं असली तर टकटक करतं, नसली तर गप्प बसतं. घाबरायचं झालं तर हे जिथं नाही तिथं घाबर." आणि जरा थांबून म्हणाले, "ताट काढून ठेव. पोचे पडलेत त्याला."

साहेबांची रीत विचित्र होती. जिथं तपासायला जायचे तिथलं पाणी प्यायचे नाहीत. पाण्याची बाटली स्वतःची, डबा स्वतःचा. खुर्ची दिली तर उभे राहायचे. मोबाईलची बॅटरी संपली तर संपू द्यायचे, पण तिथल्या दवाखान्यात चार्जिंगला लावायचे नाहीत. मी एकदा म्हणालो, "साहेब, एक घोट पाण्यानं काय होतं?"

"मीटर नरम पडतं," ते म्हणाले.

मला वाटलं, पाणी मीटरवर सांडतं म्हणून. म्हणून मी महिनाभर गाडीत पाणीच ठेवलं नाही. मग एके दिवशी गाडी तापली, आणि साहेब आपले पुन्हा चालत पारोळ्याला.

वाटेत ते कमी बोलायचे. मी मात्र विचारत राहायचो. एकदा मी विचारलं, "साहेब, तुमचा साहेब कोण?"

"आहे एक. त्याच्यावर आणखी एक. असं वर वर जात एक मोठं खातं लागतं."

"आणि अणुभट्ट्या कोणाच्या?"

साहेब खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत म्हणाले, "त्याही वर वर जात त्याच खात्याला लागतात."

मी ब्रेकच मारला. "म्हणजे साहेब, ज्याची गाडी त्याचाच आरटीओ?"

"तसं नाही. आरटीओ वेगळा आहे. टेबल वेगळं, शिक्का वेगळा. फक्त त्याची बदली गाडीवाल्याच्या मोठ्या भावाच्या हातात आहे."

"मग तो पावती फाडणार कशी?"

"फाडणारा फाडतो. आमच्यात फाडणारे पुष्कळ आहेत, मी काही एकटा नाही. पण त्यांना रोज सकाळी उठून ठरवावं लागतं, की आज फाडायची. कायदाच असा पाहिजे सुकदेव, की ठरवावंच लागू नये. भित्र्या माणसालाही पावती फाडता आली पाहिजे."

"म्हणजे माझ्यासारख्यालाही?"

"तुला नको. तू पुस्तकच हरवशील."

त्यांची एक हकीकत मी अशीच टोचून टोचून काढली. दूरच्या एका राज्यात एक भट्टी सुरू व्हायची होती. तारीख ठरलेली, मांडव घातलेला, पाहुणे निघालेले. साहेब म्हणाले, एका झडपेची चाचणी राहिलीय, ती झाल्याशिवाय सही करणार नाही. वरून फोन आले, खालून हात जोडले गेले. साहेब म्हणाले, लेखी द्या. लेखी कोणी देईना. मांडव सोडला, तीन आठवड्यांनी पुन्हा घातला.

"मग? झडप खराब निघाली?"

"नाही. चांगली होती."

"अरे बापरे! मग तुम्ही तोंडावर पडले असाल!"

"का? ती चांगली आहे हे तीन आठवड्यांनी सगळ्यांना माहीत झालं. आधी ते कोणालाच माहीत नव्हतं."

"आणि ती भट्टी?"

"चालू आहे. छान चालू आहे."

"आणि तुम्ही?"

"मी तुझ्या गाडीत."

मग म्हणालो, "शिक्षाच झाली म्हणा की." तर म्हणाले, "शिक्षा कसली? बोदवड जवळ पडतं." पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, तसाच परत नेला.

आता माझ्या मूर्खपणाकडं येतो.

माझी मोठी बहीण, अक्का, धुळ्याला देवपुरात दिली आहे. दाजींचं एक्स-रे सेंटर आहे. छोटं आहे, पण घर त्याच्यावरच चालतं. त्यांची मुलगी सोनल तिथंच पुढं टेबलावर बसून पेशंटची नावं लिहिते. नवरा नाशिकला, आणि ही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सहावा महिना होता. गप्प बसवत नाही म्हणून टेबल सांभाळत होती.

दाजींनी त्या दिवाळीच्या आधी सेंटर नव्या गाळ्यात हलवलं. जागा बदलली की परवाना पुन्हा घ्यावा लागतो. तपासणी व्हायची होती. दाजींची झोप उडालेली. मी म्हणालो, "काळजी करू नका दाजी. ते साहेब माझ्याच गाडीत बसतात. माझ्या खिशात आहेत."

खिसा फाटका होता हे मला माहीत होतं. पण अक्कानं त्या दिवशी मला जी शेवभाजी वाढली, ती काय खिसा उलटा करून दाखवल्यावर वाढली असती?

आणि साहेबांना मी सांगितलं नाही, की तिथं माझं नातं आहे. म्हटलं, आधी परवाना होऊ दे, मग सांगू. त्यांनाही आनंद होईल.

गाळा लावायला मीच गेलो होतो. नकाशात एक्स-रेचा स्टँड, म्हणजे पेशंट ज्याला छाती टेकवून उभा राहतो ती पाटी, मागच्या विटांच्या जाड भिंतीवर दाखवला होता. पण दसरा तोंडावर आलेला. मशीनची पूजा करायची, देवाचा फोटो लावायचा, आणि अक्का म्हणे देव पूर्वेकडं तोंड करूनच पाहिजे. पूर्वेकडं तोंड येत होतं ते नेमकं त्या जाड भिंतीवरून. मी म्हणालो, त्यात काय, स्टँड इकडं घेऊ. आणि मी माझ्या या हातांनी स्टँड समोरच्या पार्टिशनवर ठोकला. देवाला भिंत दिली. फोटोखाली एक खिळा मारला आणि त्या खिळ्याला सेंटरमधल्या सगळ्यांचे बिल्ले एकत्र लटकवले. हे बिल्ले कामगारानं छातीवर लावायचे असतात, कोणाला किती किरणं लागली ते त्यात उतरतं. मला वाटलं, सरकारी वस्तू आहे, मान दिला पाहिजे. दसऱ्याला एकेका बिल्ल्याला हळदीकुंकू लावलं. वर झेंडूची फुलं.

थंडी पडल्यावर साहेब आले. त्या दिवशी मी दाजींच्या शेतावर भरीत पार्टी ठरवून ठेवली होती. कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायला टाकलेली, कळण्याच्या भाकरी चाललेल्या. म्हटलं, बोदवडचा माणूस आहे, पाण्याला नाही म्हणेल, भरिताला कसा म्हणेल?

साहेब सेंटरमध्ये शिरले. मी नेहमी बाहेर थांबायचो, त्या दिवशी मागं मागं गेलो. त्यांनी आधी देवाला हात जोडले. मग खिळ्यावरचे बिल्ले बघितले, कुंकू बघितलं, झेंडू बघितला.

"हे काय?"

मी म्हणालो, "साहेब, श्रद्धा आहे माणसांची."

"चांगली आहे. हे मुंबईला पाठवले की रिपोर्ट येईल. देवाला किती किरणं लागली ते कळेल. मशीन चालवणाऱ्याचं मात्र कळणार नाही."

मग त्यांनी दाजींना मशीन चालू करायला लावलं आणि मीटर घेऊन फिरायला लागले. जाड भिंतीमागं गेले, मीटर गप्प. दारापाशी, जवळजवळ गप्प. मग पार्टिशनच्या पलीकडं गेले. तिथं टेबल होतं. सोनलला त्यांनी उठवून बाहेर उभं केलं आणि तिच्या खुर्चीवर मीटर ठेवलं.

ते टकटक करायला लागलं ते थांबेच ना. कढईत फुटाणे टाकावेत तसं.

साहेबांनी पार्टिशनवर बोटानं ठोकून बघितलं. आत पोकळ आवाज आला. मला एकाएकी तहान लागली. कारण मशीन ज्या दिशेला मारा करतं, त्याच दिशेला मी ती पाटी ठोकली होती, आणि तिच्या मागं माझी भाची रोज बसत होती.

साहेब दाजींना म्हणाले, "देवाच्या मागं नऊ इंची वीट, आणि पोरीच्या मागं प्लायवूड. उलटं का नाही केलं? देवानं काही तक्रार केली नसती."

सोनल दारातून म्हणाली, "साहेब, बाळाला काही…?"

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "घाबरू नको बेटा. घाबरण्याइतकं नाही. पण रोज बसण्याइतकंही नाही. उद्यापासून इथं बसायचं नाही, आणि तुझ्या डॉक्टरांना सगळं सांगायचं." मग पेटीतून लाखेचं सील काढलं. "मशीन बंद. भिंत होईपर्यंत."

दाजींनी कोपऱ्यात जाऊन कोणा पुढाऱ्याला फोन लावला. पुढाऱ्यानं कोणाला लावला देव जाणे, पण थोड्या वेळात साहेबांच्या मोबाईलवर वरच्या साहेबांचा फोन आला. फोन जुना, आवाज बाहेर येत होता. "वराडे, लहान सेंटर आहे. एक महिना चालू राहू दे, तोवर ते करून घेतील."

साहेब म्हणाले, "हो साहेब. एवढंच लेखी पाठवा. मी थांबतो."

आणि थांबले. उभे, खुर्ची न घेता, फोन हातात घेऊन. आम्ही सगळे त्या फोनकडं बघत राहिलो. लेखी काही आलं नाही. साहेबांनी मेणबत्ती पेटवली आणि सील केलं.

तेवढ्यात अक्का आली, शेतावरून, हाताला पीठ. मशीनवर सील बघितलं आणि माझ्यावरच धावली. "सुक्या! तू तं म्हने साहेब मन्हा खिसामा शे! बठ्ठं बंद करी टाकं ना त्यानी! आते काय करूत आम्ही?"

साहेबांनी मेणबत्ती विझवली. "सुकदेव, ही कोण तुझी?"

"बहीण, साहेब. सख्खी."

"आणि हे?"

"दाजी."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आधी सांगितलं असतंस, तर मी आलोच नसतो. दुसरं कोणी आलं असतं."

"पण साहेब, तुम्ही तर सील केलं! नात्याचा फायदा कुठं झाला?"

"ते तुला माहीत, मला माहीत. वाचणाऱ्याला कसं कळायचं?"

आणि तिथंच उभ्या उभ्या त्यांनी स्वतःच्या अहवालात स्वतःविरुद्ध लिहिलं: तपासणारा अधिकारी सेंटरमालकाच्या मेहुण्याच्या गाडीतून आला होता, तरी सील तसंच ठेवून पुढची तपासणी दुसऱ्या अधिकाऱ्यानं करावी. मला वाचून दाखवलं. मग पेटी उचलली आणि बसस्टँडकडं चालायला लागले. मी गाडी मागं मागं नेली, हॉर्न दिला. त्यांनी वळून बघितलं नाही. गाडी तर त्या दिवशी गरमही झाली नव्हती.

भरीत आम्हीच खाल्लं.

दाजींनी भिंत बांधली. विटांची, जाड, दाराला शिशाचा पत्रा. स्टँड जाग्यावर गेला, देव दुसऱ्या खोलीत गेला. पण तपासायला कोणी येईना. सील तसंच. पेशंट दुसरीकडं जायला लागले. कळलं, की कोणी नवीन मॅडम येणार आहेत.

साहेब तोवर रिटायर होऊन बोदवडला आले होते. मी गेलो. ओट्यावर बसून तूर निवडत होते. म्हणालो, "साहेब, मी काही खोटं बोला म्हणत नाही. भिंत खरोखर चांगली झालीय. तुम्ही येऊन बघा, आणि मॅडमना एक फोन करा. खरं तेच सांगा."

"भिंत चांगली आहे?"

"आईशप्पथ."

"मग मीटर सांगेल तिला. मी कशाला?"

"लवकर होईल साहेब. तुमचा शब्द आहे."

साहेबांनी तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला. "ती नवीन आहे. पहिल्याच महिन्यात तिला माझा फोन गेला, आणि तिनं ऐकला, तर पुढच्या महिन्यात ती आणखी कोणाचा ऐकेल. खऱ्याचा फोन आणि खोट्याचा फोन, वाजतात दोन्ही सारखेच." मग घरात जाऊन माझ्यासाठी चहा सांगितला, आणि म्हणाले, "दाजींना सांग, धीर धरा. आणि तू मॅडमना स्टेशनवर घ्यायला जाऊ नकोस."

मी जाणारच होतो. गाडी धुऊनसुद्धा ठेवली होती.

मॅडम आल्या, बसने आल्या. पाणी नाही, खुर्ची नाही. सोनलच्या खुर्चीवर मीटर ठेवलं, ते गप्प बसलं. जाड भिंतीमागं ठेवलं, गप्प. बिल्ले छातीवर होते. चार दिवसांनी परवाना आला आणि त्याच आठवड्यात सोनलला मुलगी झाली, अडीच किलोची आणि आवाज माझ्यासारखा.

बारशाला नाशिकचे व्याही आले होते. मी पाळण्याजवळ उभा राहून त्यांना सगळी हकीकत सांगत होतो. साहेब कसे माझ्या गाडीतून यायचे, मी त्यांना काय काय समजावलं, कुठं कुठं शब्द टाकला, आणि शेवटी माझ्या ओळखीनं हे सगळं कसं सुरळीत झालं.

सोनल पाळण्याची दोरी हातात धरून ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "मामा, साहेबांनी तुमचं एकही ऐकलं नाही, म्हणून मी आज निवांत आहे. सरका आता, पाळण्याला धक्का लागतोय तुमचा."